३६ हजार किलोमीटरवरून कुरडया दिसत नाहीत

मे महिन्यात आमच्या गच्चीवर दोन गोष्टी वाळत असतात: आईच्या कुरडया आणि माझा अँटेना. अँटेना वाळवायचा नसतो हे आईला ठाऊक आहे. पण कुरडया निदान तळता तरी येतात, असं तिचं म्हणणं.

अँटेना म्हणजे फार काही नाही. ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी जेमतेम ५३ सेंटिमीटरची, एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून आडव्या बसवलेल्या. कपड्यांच्या दोरीच्या बांबूच्या डोक्यावर त्या बांधल्यात. तिथून एक केबल जिन्यावरून माझ्या खोलीत येते, पेनड्राइव्हएवढ्या एका डबीत शिरते आणि डबी लॅपटॉपला लागते. एवढ्या सरंजामावर अमेरिकेचे ‘नोआ’ मालिकेतले हवामान उपग्रह ऐकू यायचे. हो, ऐकूच यायचे. आठशे-साडेआठशे किलोमीटर उंचीवर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत घिरट्या घालणारा तो प्राणी पुण्यावर आला की १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास टिक-टॉक, टिक-टॉक असा आवाज सुरू व्हायचा, आजोबांच्या लंबकाच्या घड्याळासारखा. सेकंदाला दोन ओळी या चालीनं चित्र उतरायचं. दहा-बारा मिनिटांत उपग्रह क्षितिजाखाली जायचा आणि पडद्यावर राहायचा करड्या रंगातला भारत. पहिल्यांदा जेव्हा श्रीलंका स्पष्ट दिसली तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचे काका वर आले.

“काय रे, मॅच दिसते का यावर?”

नाही म्हटल्यावर ते ज्या जिन्यानं आले त्याच जिन्यानं गेले. आईनं मात्र चित्र नीट पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. अरबी समुद्र कुठला, ढग कुठले, विचारून घेतलं. मग म्हणाली, “छान आहे. आता सांग, गहू भिजत घालू का?”

आमच्या घरातल्या हवामानशास्त्राचा हा मूळ प्रश्न. तो जेवढा घरगुती वाटतो तेवढा नाही. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. मग ते वाटायचे, चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा, सकाळी शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालायच्या. त्यानंतर किमान दोन कडक उन्हं हवीत. म्हणजे आज गहू भिजवणारी बाई पाच-सहा दिवसांनंतरचं आकाश मागत असते. हवामान खात्याच्या भाषेत याला मध्यम पल्ल्याचा अंदाज म्हणतात, आणि तो काय चीज आहे ते सुपर कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. खात्याचे पल्ले मी आईला स्वयंपाकघराच्या हिशेबानं समजावले. पुढच्या तीन तासांचा अंदाज म्हणजे ‘दोरीवरचे कपडे आत घे.’ तीन दिवसांपर्यंतचा लघू पल्ला म्हणजे सांडगे. दहा दिवसांपर्यंतचा मध्यम पल्ला म्हणजे कुरडया. चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित पल्ला म्हणजे अंगणात मांडव घालून केलेलं लग्न. आणि हंगामाचा अंदाज म्हणजे शेतकऱ्यानं बियाणाच्या दुकानात काढलेलं पाकीट. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळ्यांत फार तर सांडगे जातात.

आईला वर्गीकरण पटलं. “मग गहू?” तिनं विचारलं.

आता अडचण अशी की उपग्रहाच्या चित्रात या प्रश्नाचं उत्तर नसतं. त्यात ‘आत्ता’ असतं, परवा नसतो. आणि ‘आत्ता’ तरी पूर्ण कुठं असतं? टीव्हीवर दिसतात ती चित्रं बहुतेक आपल्या इन्सॅट उपग्रहांची. ते विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच चालीनं फिरतात, म्हणून आपल्याला जागेवर उभे वाटतात, सोसायटीच्या वॉचमनसारखे. एक ७४ अंश पूर्व रेखांशावर, दुसरा ८२ अंशांवर. दोघांनी वेळा वाटून घेतल्या तर दर पाव तासाला देशाचा एक फोटो निघतो. रात्री उजेड नसतो, मग ते अवरक्त किरणांत बघतात, म्हणजे ढगाचा रंग न बघता त्याच्या माथ्याचं तापमान मोजतात. माथा जेवढा थंड तेवढा ढग उंच, आणि चित्रात तेवढा पांढरा. टीव्हीवाले त्यावर लाल-जांभळा रंग चढवतात तेव्हा तो ढग एकदम गुन्हेगार दिसायला लागतो.

पण पाऊस माथ्यातून पडत नाही. न्हाव्याला गिऱ्हाइकाचं डोकं बारकाईनं दिसतं. त्यावरून गिऱ्हाईक जेवून आलंय की उपाशी, हे त्यानं कसं सांगावं? वादळी ढग विरून गेल्यावरही त्याच्या माथ्यावरची बर्फकणांची छत्री तासन्‌तास पसरून राहते. चित्रात ती पांढरीशुभ्र, खाली ऊन. उलट सह्याद्रीवर जुलैत जो पाऊस कोसळतो तो पुष्कळदा बुटक्या ढगांचा असतो. समुद्रावरचं बाष्प घाटाला धडकतं, वर चढतं आणि फार उंच न जाता तिथंच ओततं. माथा गरम, म्हणून चित्रात करडा, बिनमहत्त्वाचा. खाली महाबळेश्वरचा माणूस घोंगडी पांघरून चौथा चहा घेत असतो आणि वर उपग्रहाच्या हिशेबी तिथं विशेष काही चाललेलं नसतं. अवरक्त चित्रावरून काढलेला पश्चिम घाटातला पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी. सूक्ष्मलहरींनी ढगाच्या पोटात डोकावणारे उपग्रहही आहेत. भारत-फ्रान्सचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ २०११ मध्ये त्यासाठीच गेला. पण ते खालून फिरणारे. दूधवाल्यासारखे ठरल्या वेळी येतात आणि जातात, ढग काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

एकूणच या धंद्याची कुंडली जरा विनोदी स्थानात पडलेली आहे. जगातला पहिला यशस्वी हवामान उपग्रह ‘टायरॉस-१’ अमेरिकेनं सोडला तो दिवस १ एप्रिल १९६०. अख्खं कॅलेंडर मोकळं होतं. आपला ‘इन्सॅट-१ए’ एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरात, म्हणजे आपला पहिलाच पावसाळा जेमतेम बघून, निकामी झाला. पुढच्या वर्षी ‘१बी’नं संसार सावरला. अलीकडचा ‘इन्सॅट-३डीएस’ फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्या जीएसएलव्ही जातीच्या रॉकेटवर बसून गेला, त्याला पूर्वीच्या अपयशांमुळे वैज्ञानिकांच्या वर्तुळातच ‘नॉटी बॉय’ म्हणायचे. या खेपेला कार्टं शहाण्यासारखं वागलं.

आणि हवामान खात्याच्या मुख्यालयाची तर वरातच निघाली होती. खातं १८७५ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, १९०५ मध्ये शिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला. शिमल्याचं ऑफिस पुण्यात आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या देखण्या दगडी इमारतीला लोक ‘शिमला ऑफिस’ म्हणायला लागले. मुख्यालय जाऊन ऐंशी वर्षं झाली, बसथांबा अजून शिमला ऑफिसच. नावं ठेवण्यात पुणेकरांचा हात कोण धरणार! शिमल्याला जातो म्हणून घरी सांगून मी कितीदा तरी पीएमटीनं तिथं उतरलो आहे.

शिमला हे नाव मला फार योग्य वाटतं, कारण आपल्या पावसाच्या अंदाजाची सुरुवात हिमालयातच झाली. १८७६–७८च्या भयंकर दुष्काळानंतर सरकारनं खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारलं, की पाऊस आधी सांगता येईल का? त्यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवलं: बर्फ जास्त तर पुढचा मान्सून कमी. ४ जून १८८६ रोजी हंगामाचा पहिला अधिकृत अंदाज निघाला. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले, केंब्रिजचे पहिल्या क्रमांकाचे गणिती. त्यांना हवामानाचा गंध नव्हता, पण बूमरँगचा अभ्यास दांडगा होता; केंब्रिजात त्यांना ‘बूमरँग वॉकर’च म्हणत. फेकलेली वस्तू फेकणाऱ्याच्याच डोक्यावर परत कशी येते, याचा जाणकार माणूस पावसाचे अंदाज फेकायला नेमणं ही ब्रिटिश सरकारनं केलेली सर्वांत सुज्ञ नेमणूक असावी. गंमत सोडा, पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांनीच शोधला, आणि एल निनोचं आजचं सगळं गणित त्या झोक्यावर बसलेलं आहे.

घटक शोधण्याचा हा छंद वाढत वाढत १९८८ मध्ये १६ वर पोचला. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकारानं बनलेलं ते प्रारूप: कुठलं तापमान, कुठला दाब, कुठलं बर्फ, कुठला वारा, असे १६ गुण जुळवायचे आणि देशभरात किती पाऊस होईल ते सांगायचं. पत्रिकेत ३६ पैकी १८ जुळले की लग्न लागतं, मग इथं सोळाच्या सोळा बघत असताना का लागू नये? बरीच वर्षं लागलंही. २००२ मध्ये अंदाज ‘सर्वसाधारण’चा होता आणि जुलैत पाऊस मांडवातून उठून गेला. त्या महिन्यात देशात नेहमीच्या निम्म्याहून कमी पडला. हंगाम १९ टक्के तुटीत. मग १२ सप्टेंबर २००२ रोजी, पावसाळा संपत आला असताना, भारताचा फक्त हवामानासाठी बनवलेला पहिला उपग्रह अवकाशात गेला. योजना अर्थात कित्येक वर्षं आधीची होती, पण वरातीमागून घोडं म्हणतात ते अगदी असं दिसतं. पुढे कोलंबिया यानाच्या अपघातानंतर त्याचं नाव ‘कल्पना-१’ झालं, आणि त्या घोड्यानं मात्र अनेक वर्षं इमानदारीनं काम केलं.

‘सर्वसाधारण’ या शब्दावर जरा थांबू या. देशाची चार महिन्यांची सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरतात. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की हंगाम सर्वसाधारण. मेघालय वाहून गेला आणि मराठवाडा कोरडा राहिला तरी बेरीज जमली की सर्वसाधारण. एक पाय चुलीत आणि एक फ्रिजमध्ये ठेवून सरासरीनं आरामात बसलेला माणूस तो हाच. २०१६ मध्ये तर खात्यानं आपल्या परिभाषेतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढला. त्या जागी ‘तुटीचं वर्ष’ आलं. दुष्काळ जाहीर करणं हे आपलं काम नव्हे, असा त्यामागचा विचार, आणि तो रास्त आहे. दुष्काळाला हे अजून कुणी कळवलेलं नाही, एवढंच.

रोजच्या अंदाजाची परिभाषा याहून गोड. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या केंद्रांपैकी फार तर पाव. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पावसाचा दिवस कुठला, तर २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तो. २.४ पडला तर तुम्ही भिजता, तुमची चप्पल भिजते, पण दिवस सरकारी हिशेबानं कोरडा. जोरदार पाऊस ६४.५ पासून, अति जोरदार ११५.६ पासून. हे सगळं मी आईला एकदा सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “आपली गच्ची तुरळक ठिकाणात येते का, एवढं विचारून ठेव.”

मला वाटतं, हवामान खात्यावरचे झाडून सगळे विनोद या एका वाक्यात येतात. खातं विभागाविषयी बोलतं आणि आपण गच्चीविषयी ऐकतो. शिवाजीनगरच्या आकड्यावर कात्रजचा माणूस चिडतो, कात्रजच्या पावसावर वाघोलीचा हसतो. आणि कधीकधी हा फरक हसण्यापलीकडे जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत, त्याच चोवीस तासांत, कुलाब्याला ७३. एका टोकाला माणसं मोटारींत अडकून मेली आणि दुसऱ्या टोकाला कचेऱ्या सुटल्यावर लोक नेहमीसारखे लोकल पकडायला निघाले. त्या दिवशी मुंबईचा पाऊस किती, या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. त्यानंतर कुठं आधी कुलाब्याला आणि पुढे वेरावलीला डॉप्लर रडार बसलं. रडार ढगाकडे बाजूनं बघतं, पोटातले थेंब मोजतं, पण त्याची नजर काहीशे किलोमीटरची. वरचा सगळा देश बघतो पण थेंब बघत नाही, खालचा थेंब बघतो पण आसपासच्या जिल्ह्यांपलीकडे त्याचं चित्त नाही. अशी जोडपी आपण बघितलेली असतात.

या साऱ्याचा राग कुठवर जातो? जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावचे शेतकरी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरलं, पाऊस आला नाही, बियाणं-खतं मातीत गेली. अंदाज बियाणं आणि औषधं विकणाऱ्यांच्या सोयीचा दिला, असा त्यांचा आरोप होता. मला राहून राहून तिथल्या ठाणे अंमलदाराची आठवण येते. घटनास्थळ काय लिहायचं: आनंदगाव, पुणे, की विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर? फरार आरोपी ढग, वर्णन: गोरा, उंच, अंगानं भरलेला, शेवटचा दिसला तेव्हा तेलंगणाच्या दिशेनं जात होता. हसून झाल्यावर मात्र लक्षात येतं की हातातलं बियाणाचं रिकामं पाकीट पुरावा म्हणून दाखवायला त्या माणसांकडे दुसरी खिडकी नव्हती.

भेंडवळच्या घटमांडणीविरुद्ध मात्र कुणी ठाण्यात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर, आणि घागरीवर पापड, वडा, कुरडई असा नैवेद्यासारखा थाट. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातले जाणते बघतात, कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठलं धान्य कुठं सरकलं, आणि भाकीत सांगतात. ते ऐकायला शेकड्यांनी शेतकरी जमतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती कुरडईपाशीच अडली. “बघ. तिथं कुरडईवरून पाऊस सांगतात. तुला पावसावरून कुरडई सांगता येईना.”

पंचांगाची पद्धत तर याहून बिनधोक. नक्षत्राचं वाहन हत्ती, म्हैस किंवा बेडूक असेल तर भरपूर पाऊस. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. घोडा असेल तर डोंगराळ भागात. आता महाराष्ट्रात आर्द्रात डोंगराळ भागात पाऊस पडेल, हे सांगायला घोड्याची तरी काय गरज? पण हे अंदाज चुकले तर कोल्ह्यावर कुणी रागावत नाही, कारण कोल्ह्याला पगार नसतो.

खात्याला न्याय द्यायचा तर चक्रीवादळापाशी द्यावा लागतो. तिथं उपग्रह खरा राजा. चक्रीवादळ अवाढव्य असतं, दिवसदिवस समुद्रावर रेंगाळतं, शिवाय स्वतःचा डोळा घेऊन फिरतं. वरून बघणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही. १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच किनाऱ्यावर आलं तेव्हा दहा लाखांच्या घरात लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू दोन आकड्यांत राहिले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या बाजूला धडकलं तेही सांगून-सवरून. चक्रीवादळ म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीतला बैल, लांबून दिसतो. मे महिन्यातला वळीव म्हणजे डास. तो कुठं चावणार हे तीन तास आधी सांगितलं तरी पुष्कळ.

आता माझ्या पापाकडे येतो. २०२५ चा मे. खात्यानं केरळात मान्सून २७ मेला येईल म्हणून सांगितलं होतं, चार दिवस इकडेतिकडे. हे ‘चार दिवस इकडेतिकडे’ मला फार आवडतं. आमचा प्लंबर याच शास्त्रीय पद्धतीनं वेळ देतो. फरक एवढाच, की मागच्या वीस वर्षांत खातं फक्त एकदा, २०१५ मध्ये, या मुदतीबाहेर गेलं. प्लंबरचा आलेख वेगळा आहे. मान्सून आला हेही कुणाच्या मनावर ठरत नाही. दक्षिणेतल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर पाऊस हवा, पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत हवेत, आणि पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता उपग्रहाच्या मोजमापात चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली उतरायला हवी. म्हणजे या लग्नात उपग्रहाचीही सही लागते.

आईनं त्या महिन्याच्या मध्यावर विचारलं, “गहू?” खात्याचा पिवळा इशारा होता: गडगडाट, वादळी पाऊस, तुरळक ठिकाणी. मी अँटेना लावला. टिक-टॉक झालं, चित्र उतरलं, पुण्यावर काळंभोर मोकळं आकाश. सकाळचं. सकाळी वळवाचा ढग नसतोच, तो दुपारच्या तापल्या जमिनीतून उठतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरीही स्वतः पकडलेल्या चित्राचा माज वेगळाच असतो. मी म्हटलं, “घाल.”

गहू भिजले, चीक निघाला, चौथ्या दिवशी दोन जुन्या साड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया पडल्या, आणि दुपारी साडेतीनला सिंहगडाच्या बाजूनं जे काही आलं त्याला पल्ला नव्हता. आम्ही दोघांनी एकेक साडी उचलली. काका मदतीला धावून आले आणि बांबूला अडकले. उरलेला लगदा आईनं तीन दिवस पंख्याखाली वाळवला. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, नोंदींत इतक्या लवकर मुंबईत तो कधीच आला नव्हता. खातं बरोबर होतं. आमची गच्ची तुरळक ठिकाणात येत होती. आई मला एक अक्षर बोलली नाही; फक्त पंधरा दिवस जेवताना कुरडई वाढली नाही.

त्यानंतर उपग्रहांनीच माझी साथ सोडली. अमेरिकेनं नोआ मालिकेतले ते म्हातारे, १९९८, २००५ आणि २००९ मध्ये सोडलेले, जून ते ऑगस्ट २०२५ मध्ये एकेक करून बंद केले. टिक-टॉक थांबलं. रशियाचे ‘मेटिऑर’ अजून त्याच पट्टीवर बोलतात म्हणे. त्यांची भाषा अंकीय आहे, लॅपटॉपला नवं सॉफ्टवेअर लागेल, ते सवडीनं बघू. तोवर बांबूवरच्या कांड्या रिकाम्या दिसल्या म्हणून आईनं त्यांना आकाशकंदील बांधलाय. व्ही आकारामुळे तो वाऱ्यात फिरत नाही, उत्तम बसतो. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेलो तर ती कंदिलावर दुकानातली मोठी पारदर्शक पिशवी चढवून सुतळीनं गाठ मारत होती. आकाश निरभ्र होतं.

“अगं, पाऊस नाहीये,” मी म्हटलं.

“खात्यानं सांगितलं का तू सांगतोयस?” तिनं विचारलं, आणि दुसरी गाठ मारली.